अडवलं कुठे, साठलं काय

मंडळी, विषय यीस्टचा असला तरी तुमच्यापैकी बहुतेकांनी तो अंगावर किंवा शेतात अनुभवलेला आहे. खानापूरकडे भाताच्या लावणीत पायांच्या बेचक्यांत चिखल्या होतात, अथणीच्या द्राक्षबागेत पानांवर भुरी चढते. चिखल्यांवरचं क्लोट्रिमॅझोलचं मलम आणि भुरीवरचं हेक्झाकोनॅझोल या दोघांचा नेम बुरशीच्या पेशीतल्या एकाच एन्झाइमवर असतो. तो नेम नेमका कसा लागतो, हे साध्या पावाच्या यीस्टमध्ये फार स्वच्छ दिसतं; यीस्ट हीही एक बुरशीच.

आपल्या पेशींच्या पटलात, म्हणजे पातळ आवरणात, कोलेस्टेरॉल असतं, यीस्टच्या पटलात अर्गोस्टेरॉल. पटल सैल पडू नये आणि ताठरही होऊ नये, हे काम त्याचं. यीस्ट ते स्वतः, बऱ्याच टप्प्यांनी घडवतं, आणि एका रेणूसाठी ऑक्सिजनचे 12 रेणू खर्ची घालतं. म्हणूनच हवा पूर्ण तुटली की ते बनवता येत नाही, बाहेरून घ्यावं लागतं.

आता ही साखळी अडवणारी रसायनं. मेव्हॅलोनेट, मग स्क्वालीन, मग लॅनोस्टेरॉल हे तिच्या वाटेवरचे अर्धवट तयार रेणू. स्टॅटिन, म्हणजे माणसाचं कोलेस्टेरॉल कमी करणारी औषधं, सुरुवातीलाच, मेव्हॅलोनेटच्या आधी अडवतात. टर्बिनाफिन हे बुरशीवरचं औषध स्क्वालीनच्या पुढची वाट बंद करतं. फ्लुकोनॅझोल, इट्राकोनॅझोल ही अ‍ॅझोल मंडळी लॅनोस्टेरॉलवर काम करणारं एन्झाइम धरतात. औषधातला नायट्रोजन त्या एन्झाइममधल्या लोहाला जाऊन चिकटतो. त्याच्याही पुढच्या टप्प्यावर अमोरोल्फिन हे बुरशीवरचं औषध अडवतं.

पण कुठे अडवलं एवढ्यावर गोष्ट संपत नाही, आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हेच. गुऱ्हाळात चुलवाण विझलं आणि चरक चालूच राहिला, तर गूळ मिळत नाही हे एक नुकसान, आणि रस साठून आंबतो हे दुसरं. टर्बिनाफिनमुळे पेशीत स्क्वालीन साठतं. अ‍ॅझोलमुळे अडलेला माल आडवाटेने जातो आणि त्यातून एक विषारी स्टेरॉल, म्हणजे अर्गोस्टेरॉलच्याच जातीचा रेणू, तयार होतं. ते तयार करणारं एन्झाइम यीस्टचं स्वतःचंच, ‘ईआरजी 3’ या जनुकातून आलेलं. ते जनुक काढून टाकलं, तर तेच यीस्ट अ‍ॅझोलमध्येही वाढत राहतं! अर्गोस्टेरॉल तर तेव्हाही तयार होत नसतं. म्हणजे वाढ थांबवण्यात तुटवड्याइतकाच त्या विषाचा हात असतो.

यीस्टही गप्प बसत नाही. स्टेरॉल घटलं की ‘यूपीसी 2’ नावाचं प्रथिन जागं होतं आणि अडलेलं एन्झाइमच जास्त बनवायला लावतं. फ्लुकोनॅझोलने यीस्टची वाढ थांबते, पण पेशी सहसा मरत नाहीत, हे इथे लक्षात ठेवा. जिवंत पेशीला बदलायला वेळ मिळतो.

गजकर्णाच्या बाबतीत हे आज आपल्या दारात आलंय. मलम चार दिवस लावायचं, खाज गेली की सोडायचं. त्यात स्टेरॉइड मिसळलेल्या ट्यूबा. याने बुरशी निघत नाही, दबते. भारतात पसरलेल्या ट्रायकोफायटन इंडोटिनी या बुरशीत स्क्वालीनच्या टप्प्यावरचं एन्झाइमच बदललेलं सापडतं, आणि टर्बिनाफिनची पकड तिथे बसत नाही. अशा रुग्णाला त्वचारोगतज्ज्ञ बहुतेक वेळा इट्राकोनॅझोल देतात, कारण ते त्याच साखळीला दुसऱ्या कडीवर धरतं.