बोटाखाली राहणारा सूर

नमस्कार श्रोतेहो. आज बोलायचंय ते क्लॅव्हिकॉर्ड या वाद्याबद्दल.

पियानो घरोघरी पोचण्याआधी, विशेषतः जर्मनीत, हे वाद्य अनेक घरांत असे. लांबट, उथळ लाकडी खोका, बोटांनी दाबायच्या पट्ट्यांचा. टेबलावर ठेवावा आणि वाजवावा. आवाज मात्र इतका लहान, की त्याच खोलीत दोन माणसं बोलू लागली तर सूर झाकला जातो. मैफलीला त्याचा काही उपयोग नाही. तरीही ज्याला ते लाभलं, त्याला ते सोडवत नाही. का, ते सांगतो.

पट्टीच्या आतल्या टोकाला पितळेची छोटी पाती उभी असते. पट्टी दाबली की पाती वर येऊन तारेला भिडते आणि बोट उचलेपर्यंत तिथंच टेकून राहते. हार्पसिकॉर्ड या पट्ट्यांच्याच जुन्या वाद्यात तार छेडली की काम संपलं. पियानोची हातोडी तारेवर आपटून मागे फिरते. क्लॅव्हिकॉर्डमध्ये सूर उमटल्यानंतरही तो बोटाखालीच असतो. दाब किंचित वाढवा, तार ताणली जाते आणि सूर चढतो. बोट हलकेच डोलवा, सूर आंदोलित होतो. जर्मन वादक त्याला बेबुंग म्हणतात. आणि बोट उचललं, की तारांच्या एका टोकाला गुंफलेली कापडाची पट्टी त्यांना लगेच गप्प करते.

आपल्याकडे याचं मोल कुणाला पटवून द्यायला नको. पेटीवर, म्हणजे हार्मोनियमवर, मींड निघत नाही, स्वर हलत नाही, अशा आक्षेपांपायी १९४० मध्ये आकाशवाणीनं पेटीवर बंदी घातली होती. क्लॅव्हिकॉर्डवरही लांब मींड निघत नाही, पण पट्ट्यांच्या वाद्यावर स्वर थोडा तरी हलवता येतो, हीच मला मोठी गोष्ट वाटते. त्याची किंमतही मोजावी लागते: दाब जरा जास्त झाला की सूर बेसूर. इथं बोटांना खोटं बोलता येत नाही.

चर्चचा ऑर्गन वाजवायचा तर भाता हलवायला माणूस लागे. म्हणून ऑर्गनवादक घरी यावर रियाज करत. मध्यरात्री वाजवलं तरी शेजाऱ्यांची झोप मोडत नसे. तारा फार नसतात, त्यामुळे मालकानं स्वतःच सूर लावावेत. कान तयार होण्याचा यापेक्षा चांगला मार्ग मला माहीत नाही. आजही जुन्या नमुन्यांवरून नवी क्लॅव्हिकॉर्डं बनवणारे कारागीर आहेत.

जर्मन संगीतकार योहान सेबास्टियन बाखचा मुलगा कार्ल फिलिप एमान्युएल हा या वाद्याचा सर्वांत मोठा भक्त. १७७२ मध्ये इंग्रज संगीतलेखक चार्ल्स बर्नी त्याला हॅम्बुर्गला भेटला. जेवणानंतर बाख आपल्या आवडत्या क्लॅव्हिकॉर्डवर बसला, तो रात्री अकराच्या सुमारास उठला. लांब स्वर आला की त्यातून दुःखाचा असा हुंकार निघे, जो याच वाद्यातून निघू शकतो, असं बर्नीनं लिहून ठेवलंय.

ते क्लॅव्हिकॉर्ड गॉटफ्रीड झिल्बरमान या कारागिराचं. १७८१ मध्ये बाखनं ते आपल्या एका शिष्याला दिलं आणि सोबत एक रोंदो, म्हणजे मुख्य धून फिरून फिरून येणारी रचना, लिहून पाठवला: झिल्बरमानच्या क्लॅव्हिकॉर्डला निरोप. ही रचना तुझ्याकडच्या या वाद्याखेरीज दुसऱ्या कशावर नीट वाजणार नाही, असंही त्यानं शिष्याला कळवलं. तिची ध्वनिमुद्रणं आज मिळतात. ऐकाल तेव्हा पंखा बंद करा आणि आवाज मुद्दाम वाढवू नका.