मॅडम, माझा एच-इंडेक्स किती?

नमस्कार श्रोतेहो.

तीसेक वर्षं मी कॉलेजच्या ग्रंथालयात काढली. मार्च जवळ आला, की प्राध्यापक मंडळी माझ्या टेबलाशी घुटमळायला लागत. पुस्तक नको असायचं. बढतीची, म्हणजे ‘कॅस’ची फाइल लावायची असायची. मग आवाज खाली आणून विचारायचे, “मॅडम, माझा एच-इंडेक्स काढून देता का?”

हा एच-इंडेक्स म्हणजे संशोधकाच्या कामाचा प्रभाव मोजायला होर्हे हिर्श या भौतिकशास्त्रज्ञानं २००५ साली सुचवलेलं माप. आपले शोधनिबंध उतरत्या क्रमानं लावायचे. ज्याचा दाखला, म्हणजे संदर्भ, इतरांनी आपल्या निबंधांत सगळ्यांत जास्त वेळा दिला, तो वर. समजा, दाखले आहेत ४०, २२, ९, ५ आणि ३. चौथ्या निबंधाला निदान चार दाखले आहेत, पाचव्याला मात्र पाच नाहीत. झालं, इंडेक्स चार. चाळीसच्या जागी चारशे असते, तरी चारच! हे ऐकून एका सरांचा चेहरा असा पडला, की मी आधी चहा मागवला.

मानसिक आरोग्याच्या क्षेत्रात हा आकडा शंभराच्या बराच वर गेलेले एक संशोधक आपल्या शेजारच्या गोव्यात कामाला लागले. डॉ. विक्रम पटेल. जन्म मुंबईचा. १९९६मध्ये सहकाऱ्यांबरोबर त्यांनी गोव्यात ‘संगाथ’ ही मानसिक आरोग्यासाठी काम करणारी संस्था काढली. पुढे लंडन, मग हार्वर्ड. २०१९चा कॅनडाचा गेर्डनर पुरस्कारही मिळाला. पण मला सवय पडलीय ती आकडा बाजूला सारून निबंध उघडण्याची.

‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकातला पटेल आणि सहकाऱ्यांचा २०१०चा निबंध घ्या, ‘मानस’ नावाच्या प्रयोगावरचा. गोव्यातली चोवीस ठिकाणं, बारा सरकारी आरोग्य केंद्रं आणि बारा खासगी दवाखाने. प्रश्न साधा होता. मनोविकारतज्ज्ञ हाताशी नाही, तर मानसोपचाराची कसलीही पदवी नसलेल्या माणसाला शिकवून तयार केलं आणि त्याला उदास, घाबऱ्या रुग्णाशी बोलायला बसवलं, तर गुण येईल का? सरकारी केंद्रांत सहा महिन्यांनी असं साहाय्य मिळालेल्यांपैकी ६५.९ टक्के बरे झाले होते. न मिळालेल्यांपैकी ४२.५ टक्के. खासगी दवाखान्यांत मात्र काहीच फरक नाही: ६४.१ आणि ६५.९. तिथं साहाय्य न मिळालेलेही तितकेच बरे झाले! नेहमीचा डॉक्टर घरचं सगळं जाणतो, दोन शब्द जास्त बोलतो, म्हणून असेल का? हे आपलं माझं अनुमान. हा अर्धा निकाल लपवला नाही, ठळक छापला, हे मला जास्त भावलं. आणि गंमत बघा, दाखला दिला तो सरकारी केंद्रांतल्या यशासाठी की खासगीतल्या अपयशासाठी, मोजणाऱ्या यंत्राला दोन्ही सारखेच. लस आणि स्वमग्नता यांचा संबंध जोडणारा १९९८चा निबंध २०१०मध्ये मागे घेतला गेला. त्याला दाखले चिकार, आणि बरेचसे त्याला खोडून काढणारे! तेही जमेतच.

शिवाय रोगांच्या जागतिक मोजदादीसारख्या निबंधांवर शेकडो लेखकांची नावं असतात, आणि दाखला पडला की प्रत्येकाच्या खात्यात पूर्ण एक. वरातीत नाचला त्या प्रत्येकाला नवरदेवाचा आहेर!

गोव्यातच पुढे नैराश्यावरचा दुसरा प्रयोग झाला, तोही ‘लॅन्सेट’मध्ये आला. दहा प्राथमिक आरोग्य केंद्रं, ४९५ रुग्ण, सहा ते आठ भेटी. समुपदेशक रुग्णाला विचारणार, पूर्वी काय आवडायचं, आता काय सुटलं, आणि त्यातलं एक छोटं काम पुढच्या आठवड्यासाठी ठरवून देणार. तीन महिन्यांनी या गटातले ६४ टक्के नैराश्यातून बाहेर होते, अशा भेटी न मिळालेल्या दुसऱ्या गटातले ३९ टक्के. रोज केंद्रावर बसून ऐकून घेणाऱ्या त्या समुपदेशकांच्या खात्यात एच-इंडेक्स किती जमा होतो, ते विचारू नका.

आणि आपल्या विदर्भातलं सांगते. अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत ‘विश्राम’ नावाचा मानसिक आरोग्याचा कार्यक्रम झाला. संगाथची मंडळी त्यात होती. नैराश्य असलेल्या माणसांपैकी उपचारासाठी कुणाकडे तरी गेलेले सुरुवातीला ४.३ टक्के होते; दीड वर्षानं २७.२. याचा निबंध २०१७मध्ये ‘लॅन्सेट सायकिॲट्री’त आला. त्याला किती दाखले मिळाले, हे मी मुद्दाम पाहिलेलं नाही.

ज्या सरांसाठी चहा मागवला होता, त्यांचा इंडेक्स सात निघाला. कागद घडी घालून त्यांनी खिशात ठेवला आणि जाता जाता म्हणाले, “आता वाचायला काहीतरी द्या.” नमस्कार.