जांघेतला फुगवटा: मुलाला कधी आणि किती घाईने पाठवायचं

मुलांच्या जांघेतल्या हर्नियाची शस्त्रक्रिया मी करतो, पण मूल माझ्यापर्यंत वेळेत पोचणार की उशिरा, हे तुम्हा फॅमिली डॉक्टरांच्या तपासणीच्या खोलीत ठरतं. म्हणून आज ऑपरेशनबद्दल मी थोडंच बोलणार आहे.

आई सांगते, "रडलं की इथे फुगतं, झोपलं की जातं." आणि बोट ठेवते ते बरोबर जांघेवर. तुम्ही लंगोट सोडून बघता, तर तिथे काहीच नाही. अशा वेळी "आत्ता तर काही दिसत नाही, पुन्हा आलं की दाखवा" असं आपल्या तोंडून सहज निघून जातं. माझी कळकळीची विनंती आहे, की हे वाक्य बोलू नका. येणं आणि जाणं हाच तर हर्नियाचा, म्हणजे पोटातलं आतडं जांघेत उतरण्याचा, स्वभाव. आईवडिलांनी जागा नेमकी दाखवली, रडताना येतो आणि शांत झाल्यावर जातो असं सांगितलं, तर पाठवायला तेवढं पुरेसं आहे. घरी दिसेल तेव्हा फोनवर फोटो काढायला सांगा, दोन्ही जांघा एकाच फोटोत येतील असा. बाजू कोणती याचा घोळ त्याने मिटतो.

हे होतं कशामुळे? मुलाचं वृषण आधी पोटात असतं. गर्भाच्या साधारण सातव्या महिन्यापासून ते जांघेतून खाली उतरतं आणि त्याच्यासोबत पोटाच्या आतल्या अस्तराची एक निमुळती पिशवी खाली येते. जन्माच्या सुमारास किंवा त्यानंतर ही वाट आपोआप बंद होते. ती अगदी बारीक उघडी राहिली तर फक्त पाणी उतरतं, ते हायड्रोसील. आतडं शिरेल एवढी रुंद राहिली तर तो हर्निया. म्हणजे मूल रडलं म्हणून हर्निया होत नाही. रडल्यामुळे तो दिसतो, एवढंच. हे पालकांना मुद्दाम सांगा, कारण "आम्ही फार रडू दिलं का?" ही टोचणी कित्येकांच्या मनात असते.

पूर्ण दिवसांच्या 100 बाळांमागे 1 ते 5 जणांना हा त्रास होतो. मुदतीआधी जन्मलेल्यांत प्रमाण बरंच जास्त. मुलांमध्ये तो मुलींपेक्षा कितीतरी पटींनी अधिक दिसतो, आणि सुमारे 60 टक्के वेळा उजव्या बाजूला.

आता तपासणी. मूल कमरेखाली पूर्ण उघडं करा, हात गरम करून घ्या, आणि हात लावण्याआधी नुसतं बघा. मोठ्या मुलाला उभं करा, खोकायला सांगा, फुगा फुगवायला द्या. मग सर्वात आधी दोन्ही वृषणं जागेवर आहेत का ते हाताने पाहा. वृषणाच्या पिशवीची एक बाजू रिकामी आणि जांघेत गोळा असेल, तर तो न उतरलेलं वृषण असू शकतो. वृषणं सापडली की फुगव्याच्या वरच्या टोकाला बोटं न्या. हायड्रोसीलमध्ये बहुधा बोटं फुगव्याच्या वर जुळतात. हर्निया मात्र थेट पोटातून येतो, तिथे वरचा काठ हाताला लागत नाही. फुगवटा दिसतच नसेल, तर जघनास्थीच्या (ओटीपोटाखालच्या पुढच्या हाडाच्या) बाजूला वृषणाच्या दोरीवरून बोट आडवं फिरवा. हर्नियाच्या रिकाम्या पिशवीचे थर बोटाखाली रेशमी कापडाचे दोन पदर एकमेकांवर सरकावेत तसे लागतात. लागले तर शंका बळावते. नाही लागले म्हणून हर्निया नाही, असं मात्र समजू नका.

फुगवट्यातून बॅटरीचा उजेड आरपार गेला म्हणजे आत नुसतं पाणीच आहे, यावर फार विसंबू नका. तान्ह्या बाळाच्या आतड्याची भिंत इतकी पातळ असते, की उजेड तिच्यातूनही आरपार जातो. सोनोग्राफीसाठीही पाठवणं अडवून ठेवू नका; फुगवटा आत असताना काढलेली सोनोग्राफी चांगली आली म्हणून आईचं सांगणं खोटं ठरत नाही.

मुलींबद्दल थोडं थांबून बोलतो, कारण तिथे चूक सहज होते. मुलीच्या जांघेत छोटी, घट्ट, सरकणारी, न दुखणारी गाठ लागली की ती लसिकाग्रंथी (लिम्फ नोड) समजली जाते. बऱ्याचदा ते हर्नियात उतरलेलं अंडाशय असतं. ते पिळून त्याचा रक्तपुरवठा तुटू शकतो. दाबून आत घालण्याचा खटाटोप करू नका, काही दिवसांच्या आत सर्जनला दाखवा. गाठ दुखू लागली, तर त्याच क्षणी पाठवा. दोन्ही बाजूंना हर्निया असलेल्या फार थोड्या मुलींच्या शरीरात वृषणं आढळतात. ते शोधणं आमचं काम, पण चिठ्ठीत "दोन्ही बाजूंना" एवढं लिहायला विसरू नका.

उशीर होण्याचं मोठं कारण माझ्या मते एकच: तीन वेगळ्या गोष्टींना एकच सल्ला दिला जातो. बेंबीचा हर्निया बहुतेक मुलांत चार-पाच वर्षांपर्यंत आपोआप बंद होतो. जन्मापासूनचं हायड्रोसील बहुधा वर्षा-दोन वर्षांत जिरतं. या दोघांसाठी "वाट पाहू" हे योग्यच. जांघेतला हर्निया मात्र वाट पाहून बरा होईल असं धरून चालता येत नाही, आणि बाळ जितकं लहान तितका तो अडकण्याचा धोका जास्त. वर्षाच्या आतलं बाळ असेल तर त्याच आठवड्यात बालशल्यचिकित्सकाकडे पाठवा. मोठं मूल असेल तर काही आठवडे चालतील, काही महिने नाही.

मुदतपूर्व बाळांच्या बाबतीत ऑपरेशन नेमकं कधी करावं याचा विचार बदलतो आहे. 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीत, आईच्या शेवटच्या पाळीपासून मोजून 55 आठवडे उलटल्यावर ऑपरेशन केलेल्या गटात गंभीर गुंतागुंत कमी दिसली. पण हा निर्णय सर्जन आणि नवजात विभाग मिळून घेतात. त्यावरून बाळाला दाखवणं लांबवायचं नाही.

आणि ज्याला क्षणाचाही विलंब चालत नाही, तो अडकलेला हर्निया. फुगवटा टणक झालाय, आत जात नाही, हात लावला की बाळ किंचाळतं, दूध घेत नाही, उलट्या होतात. उलटी हिरवी झाली किंवा पोट फुगलं, तर आतड्याची वाट बंद झाली असं धरून चला. आतड्याइतकाच धोका त्या बाजूच्या वृषणालाही असतो, कारण त्याच्या रक्तवाहिन्याही तिथेच दाबल्या जातात. तोंडाने काही देऊ नका, वेदनाशामक द्या, शांत करा. सवय असलेल्या डॉक्टरने एका हाताच्या बोटांनी वरचं तोंड सांभाळत, दुसऱ्या हाताने खालून हळू, सलग काही मिनिटं दाब द्यावा. कातडी लाल झाली असेल, ताप असेल, शौचातून रक्त जात असेल किंवा मूल गळून गेलं असेल, तर हा प्रयत्न करायचाच नाही, सरळ पाठवायचं. आणि हर्निया आत बसला, तरी घरी सोडू नका. सूज उतरेपर्यंत दाखल ठेवून साधारण 24 ते 48 तासांत ऑपरेशन करतात.

ठरवून केलेलं ऑपरेशन छोटं असतं. पिशवी वृषणाच्या रक्तवाहिन्यांपासून आणि वीर्यनलिकेपासून अलगद सोडवून मुळाशी बांधतात. मोठ्या माणसांसारखी जाळी घालत नाहीत. बहुतेक मुलं त्याच दिवशी घरी जातात. मुदतीआधी जन्मलेल्या लहान बाळांना भुलीनंतर श्वास थांबण्याची भीती असते, म्हणून रात्रभर देखरेखीखाली ठेवतात.

चिठ्ठीत बाजू लिहा, पहिल्यांदा कधी आणि कोणी पाहिलं ते लिहा, आपोआप आत जातो का, दोन्ही वृषणं खाली आहेत का, जन्म किती आठवड्यांचा, आत्ताचं वजन किती. अडकलेला असेल तर शेवटचं दूध किती वाजता पाजलं तेही, आणि बाळ निघण्याआधी फोन करा. ज्यांना ऑपरेशनची तारीख मिळाली आहे त्या पालकांना सांगा, की पट्टा बांधायचा नाही, दूध नेहमीसारखं पाजायचं, रडण्याची धास्ती घ्यायची नाही. रडून शांत झाल्यावर फुगवटा आत गेला का, तेवढं बघायचं. नाही गेला, तर तारीख उद्याची असली आणि रात्रीचे दोन वाजले असले तरी निघायचं.