बदलून नको, दुरुस्त करून द्या

(कोथरूडमधल्या एका ज्येष्ठ नागरिक संघाच्या मासिक सभेत झालेलं भाषण, थोडी काटछाट करून.)

मंडळी, नमस्कार. बाहेर फळ्यावर विषय लिहिलाय, ‘खिशातला चाकू आणि विक्रीनंतरची सेवा’. ‘चाकू’च्या पुढे कोणीतरी खडूने प्रश्नचिन्ह काढलंय. मी ते पुसलेलं नाही. मागच्या महिन्यात इथे गुडघेदुखीवर भाषण झालं, तेव्हा जिन्यात माणसं उभी होती. आज पुढच्या दोन रांगा रिकाम्या. चाकूवाल्याच्या पुढ्यात कोण बसणार म्हणा!

दारातच एक शंका आली, ती आधी फेडतो. चाकू खिशात ठेवणं गुन्हा आहे का? शस्त्रांच्या नियमात नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पातं शस्त्रात मोडतं, आणि त्यातूनही घरकाम, शेती, कारखाना यांसाठी बनवलेली हत्यारं वगळलेली आहेत. माझ्या चाकूचं पातं अडीच इंच. याने पेरू कापता येतो, तोही फार पिकलेला असेल तर नीट नाही. तरी विमानात आणि विसर्जनाच्या गर्दीत तो घरी ठेवावा. एवढं तारतम्य आपल्या वयात असायला हरकत नाही.

मी चौतीस वर्षं चिंचवडला टूलरूममध्ये, म्हणजे कारखान्याची हत्यारं आणि साचे बनवायच्या खात्यात काढली. त्यामुळे चाकू हातात आला की आधी उघडझाप करून कानाशी धरतो. आमची ही म्हणते, डॉक्टर नाडी बघतात तसं करता. पण आवाजात सगळं असतं. पातं उघडताना शेवटी ‘टक्’ झालं पाहिजे, आणि ते पाठीच्या स्प्रिंगचं काम आहे. घडीच्या चाकूत लोक पातं बघतात, मी स्प्रिंग बघतो. त्या स्विस लाल चाकूचं उदाहरण घ्या, व्हिक्टोरिनॉक्सचं. पोलादाचा कठीणपणा रॉकवेल नावाच्या मापात मोजतात, त्यात पातं 56 आणि स्प्रिंग 49. स्प्रिंग मुद्दाम मऊ ठेवलेली. पात्याने धार धरायची, स्प्रिंगने हजारो वेळा वाकून परत सरळ व्हायचं. दोघांना एकच पाणी दिलंत, म्हणजे तापवून-बुडवून सारखंच कठीण केलंत, तर एक बोथट होईल नाहीतर दुसरी तडकेल. संसारातही... जाऊ दे, ही पाचव्या रांगेत बसली आहे.

त्या चाकूची गोष्टही मजेची आहे. 1891 साली कार्ल एल्सनर या कारागिराने स्विस सैन्याला चाकू पुरवायला सुरुवात केली. तेव्हाच्या नव्या रायफलीचे भाग सुटे करायला पेचकस लागायचा, डबे उघडायला ओपनर लागायचा, म्हणून एकाच मुठीत दोन्ही. पुढे 12 जून 1897 ला अधिकाऱ्यांसाठीच्या चाकूची नोंदणी झाली. व्हिक्टोरिया हे त्याच्या आईचं नाव, आणि 1921 मध्ये न गंजणारं पोलाद वापरायला लागल्यावर त्याला ‘इनॉक्स’ जोडलं. आईचं नाव मालावर घातल्यावर माणूस खराब माल कशाला देईल? या चाकूंना माल आणि कारागिरीतल्या दोषांपुरती आजीवन हमी असते. झीज आणि गैरवापर त्यात नाही. म्हणजे चाकू पेचकस समजून वापरलात आणि टोक तुटलं, तर तो दोष तुमचा.

आता ‘आजीवन’ म्हणजे कोणाचं जीवन? चाकूचं की माझं? या सभागृहात प्रश्न रास्त आहे.

मग माझं गाऱ्हाणं. हे लांबणार आहे, मला घड्याळ दाखवू नका. माझ्याकडे दुसऱ्या एका कंपनीचा चाकू होता, तोही आजीवन हमीचा. स्विस नव्हे. नाव सांगणार नाही, कारण गाऱ्हाणं एका कंपनीचं नाही, पद्धतीचं आहे. मी निवृत्त झालो त्या दिवशी खात्यातल्या पोरांनी तो माझ्याकडून मागून घेतला आणि पँटोग्राफवर, म्हणजे अक्षरं कोरायच्या यंत्रावर, पात्याच्या बुडाशी माझं नाव आणि तारीख कोरून दिली. अक्षर दीड मिलिमीटर उंचीचं, भिंगाशिवाय वाचता येईल असं. पोरगं पंचवीस वर्षांचं होतं, हात कापत नव्हता. त्यानंतर अकरा वर्षं तो चाकू माझ्या खिशात होता.

एका हिवाळ्यात राजगडावर पद्मावतीच्या देवळापाशी आम्ही काकडी चिरत होतो. चाकू बंद करताना ‘टक्’ऐवजी ‘खट’ झालं आणि पातं लोंबायला लागलं. स्प्रिंग मधोमध तुटली होती. मी खूश झालो. हसू नका, खरंच! म्हटलं, आता बघू आजीवन हमी.

दुकानात गेलो. पहिला प्रश्न, बिल आहे? होतं. पुणेकर आहे, अकरा वर्षांपूर्वीचं बिल प्लॅस्टिकच्या पिशवीत होतं. दुकानदाराचा चेहरा पडला. दुसरा प्रश्न, खोकं आहे? तेही होतं. मग म्हणाला, आम्ही फक्त विकतो, तुम्ही कंपनीला पाठवा. कुरिअरवाल्याने विचारलं, आत काय आहे? मी म्हटलं, चाकू. तो म्हणाला, चाकू जात नाही. तिसऱ्या कुरिअरला मी सांगितलं, स्वयंपाकघरातली वस्तू. माझ्या आयुष्यातलं हे पहिलं लेखी खोटं नव्हे, पण पहिलं ज्याची पावती मिळाली.

मग दोन महिने फोन. ‘आपका कॉल हमारे लिए महत्त्वपूर्ण है’, आणि मागे बासरी. त्या बासरीचा मला आता पूर्ण राग पाठ आहे. तिसऱ्या महिन्यात पुडकं आलं. फोडलं, तर आत नवाकोरा चाकू. चकचकीत, खोक्यासकट, नव्या हमीसकट. माझा नव्हता.

फोन केला, जुना कुठे आहे? बाई फार गोड बोलल्या. ‘सर, वो तो स्क्रॅप हो गया.’

शेजारचे गृहस्थ म्हणाले, अहो फुकट नवा मिळाला, पेढे वाटा. मुलगा म्हणाला, बाबा, ही तर एकदम टॉपची सर्व्हिस. आमची ही काही बोलली नाही, तिने फक्त नवा चाकू उचलून स्वयंपाकघराच्या खणात ठेवला, दुधाच्या पिशव्या फोडायला. अजून तिथेच आहे. माझ्या खिशात तो कधी गेला नाही.

त्यानंतर वडिलांच्या जुन्या देशी चाकूची स्प्रिंग ढिली झाली, तेव्हा मी कोणाला फोन केला नाही. रविवार पेठेत गेलो, बोहरी आळीत. एका बोळात खुर्चीएवढ्या जागेत एक म्हातारे कारागीर बसतात. कात्र्या, अडकित्ते, मांस कापायचे सुरे, सगळं त्यांच्यापुढे पडलेलं. त्यांनी चाकू उघडला, मिटला आणि कानाशी धरला! मला वाटलं, आरशात बघतोय. रिव्हेटचं डोकं कानशीने घासून काढलं, पिन ठोकून बाहेर घेतली. स्प्रिंगच्या वाकणाशी केसाएवढी भेग होती, नखाने दाखवली. मग टिंबर मार्केटातून आणलेल्या गोल करवतीच्या तुटक्या तुकड्यातून नवी स्प्रिंग ग्राइंडरवर काढली. दर चार-पाच घासांनी पाण्यात बुडवत होते. का? पोलाद तापून निळं पडलं की त्याचं पाणी उतरतं. हे त्यांना कोणी रॉकवेलचा आकडा सांगून शिकवलं नव्हतं. पितळेची पिन घातली, छोट्या ऐरणीवर हलक्या हाताने डोकं बसवलं, पातं हलवून बघितलं, परत दोन टोले. पैसे घेतले आणि जुनी स्प्रिंग वर्तमानपत्राच्या कपट्यात गुंडाळून माझ्या हातात दिली. म्हणाले, ‘‘ही तुमची.’’

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे. ‘दहा मिनिटं’ असं लिहिलंय, आणि दहाला खोडून पाच केलंय. म्हणजे ज्या विषयासाठी बोलावलं तो आता सुरू करतो.

दुकानदार सांगतात, गॅरंटी म्हणजे बदलून मिळणार, वॉरंटी म्हणजे दुरुस्त करून मिळणार. आणि आपण गॅरंटीला वरचढ समजतो. माझं म्हणणं नेमकं उलटं आहे. बदलून देणं कंपनीला सोपं पडतं. रिव्हेट काढायला माणूस लागतो, माणसाला पगार लागतो, नवा चाकू पुडक्यात टाकायला कोणीही चालतो. मी कॉस्टिंग केलंय, मला हे गणित कळतं. पण आमच्या टूलरूममध्ये पत्र्याला भोक पाडायचा पंच तुटला, तर तुटका तुकडा बघितल्याशिवाय नवा पंच मिळत नसे. भेग कुठून सुरू झाली? वाकणाशी कानशीचा ओरखडा राहिला होता का? पाणी जास्त दिलं होतं का? माझी तुटकी स्प्रिंग हे सगळं सांगत होती आणि ती न वाचता भंगारात गेली. पुढचा चाकूही तिथेच तुटणार.

चांगले दाखले आहेत. झिप्पो लायटरची कंपनी म्हणते, चालला नाही तर फुकट दुरुस्त करू. पक्कड-चाकू एकत्र असलेली हत्यारं बनवणाऱ्या लेदरमनची हमी 25 वर्षांची आहे. म्हणजे हे अशक्य नाही.

कायद्याचं घाईत सांगतो. ग्राहक पंचायत 1974 साली आपल्या पुण्यातच बिंदुमाधव जोशींनी सुरू केली. ग्राहक संरक्षण कायद्याला 24 डिसेंबर 1986 ला राष्ट्रपतींची संमती मिळाली, म्हणून तो दिवस ग्राहक दिन. नवा कायदा 2019 चा, लागू झाला जुलै 2020 मध्ये. पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला जिल्हा आयोगात फी नाही. हेल्पलाइन 1915. सरकारने 2022 च्या ग्राहक दिनाला ‘दुरुस्तीचा हक्क’ म्हणून पोर्टलही काढलं. पण वस्तू पाठवताना तुम्ही एक करा, पत्रात लिहा: ‘दुरुस्त करून हवी. बदलायची असल्यास जुनी वस्तू परत पाठवावी.’ मी ते लिहिलं नव्हतं. त्याबद्दल तक्रार कोणाकडे करू?

चहा आला आहे, आणि पाठोपाठ भजनी मंडळही, पेटी दारात दिसतेय. मी दगड आणि तेल आणलंय. ज्यांनी घरून चाकू आणलेत त्यांनी डावीकडच्या टेबलाशी या, एकेक करून. अडकित्ता आणलाय ना त्या काकूंनी? तोही द्या. आणि पाती मिटून आणा, मागच्या वेळी दोघांना चिकटपट्ट्या लावाव्या लागल्या होत्या.