पोलिसाच्या खिशातला चाकू

वीस-बावीस वर्षांपूर्वी मी महामार्गावरच्या एका ठाण्यात फौजदार होतो. एका दुपारी घाटात मोटार उलटली. चालक सीटबेल्टला उलटा लटकलेला, पट्टा मानेत रुतलेला, आणि अंगाचा सगळा भार बकलावर आल्यामुळे बकल काही केल्या सुटेना. आम्ही चौघे पोलीस. आमच्याकडे एक रिव्हॉल्व्हर, दोन काठ्या, एक टॉर्च. पट्टा कापायला मात्र काहीच नाही. आमचे हवालदार धावत खालच्या वळणावर गेले आणि शहाळेवाल्याचा कोयता घेऊन आले. माणसाच्या मानेपासून चार बोटांवर कोयता चालवताना हात कसा थरथरतो, ते मी त्या दिवशी अनुभवलं. पट्टा तुटला, माणूस खाली आला, पण पातं त्याच्या खांद्याला लागलंच.

पोलिसाजवळ चाकू असावा का, आणि असला तर त्याचे नियम काय असावेत, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या डोक्यात आहे. आज मी बरीचशी उदाहरणं अमेरिकेतली देणार आहे. तिथं लहानमोठ्या मिळून सुमारे १८ हजार पोलीस यंत्रणा आहेत आणि प्रत्येक यंत्रणा आपली नियमावली स्वतः लिहिते. त्यामुळे एखादा नियम लिहिला तर काय होतं आणि नाही लिहिला तर काय होतं, हे तिथं स्वच्छ दिसतं.

तिथल्या पोलिसांच्या खिशात चाकू वरिष्ठांच्या हुकमानं आला नाही. स्पायडरको कंपनीनं १९८१ मध्ये घडीच्या चाकूला खिशाला अडकवायची क्लिप दिली आणि एका हातानं उघडता यावा म्हणून पात्याला गोल भोक पाडलं. असे चाकू सोयीचे, म्हणून शिपायांनी स्वतःच्या पैशानं घेतले. दोर कापायला, पट्टा कापायला, खोकी फोडायला. नियमावलीत पिस्तुलाची, लाठीची, मिरपुडीच्या फवाऱ्याची प्रकरणं असत, पण चाकूबद्दल अनेक ठिकाणी अवाक्षरही नसे.

काही वरिष्ठांना हे मौन सोयीचं वाटतं. लिहिलंच नाही तर जबाबदारी कशी येईल, असा त्यांचा हिशेब. हा हिशेब चुकीचा आहे. १९७८ च्या मोनेल खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं ठरवलं की नागरिकाच्या हक्काचा भंग स्थानिक संस्थेच्या धोरणामुळे किंवा रुळलेल्या प्रथेमुळे झाला, तर ती संस्थाही उत्तरदायी ठरते. ‘प्रथा’ हा शब्द नीट ऐका. शंभर शिपाई रोज चाकू बाळगतात, वरिष्ठ रोज पाहतात आणि कोणी काही बोलत नाही, तर ती प्रथा झाली असं कोर्टात म्हणायला वाव राहतो. पुढे १९८९ च्या कॅन्टन खटल्यात न्यायालयानं सांगितलं की प्रशिक्षणाकडे जाणूनबुजून काणाडोळा केला, तर तीही संस्थेची जबाबदारी. म्हणजे मौनानं विभाग सुटत नाही, आणि शिपाई मात्र एकटा पडतो.

मग लिहायचं काय? पात्याची लांबी, घडीचा की सरळ, दुधारी नको, खटका दाबला की आपोआप उघडणारा चालेल की नाही, ही कलमं एका दुपारी लिहून होतात. त्या त्या राज्याचा कायदा समोर ठेवला की झालं. खरी अडचण पुढे आहे.

झटापटीत समोरचा माणूस पोलिसाचं पिस्तूल ओढतो, हा पोलिसांच्या आयुष्यातला सगळ्यात वाईट क्षण. डोळ्यांसमोर आणा. पोलीस खाली पडलाय, उजव्या हातानं त्यानं पिस्तूल होल्स्टरमध्ये दाबून धरलंय, समोरच्याचे दोन्ही हात त्या पिस्तुलावर आहेत. मोकळा आहे तो फक्त डावा हात. घडीचा चाकू उजव्या खिशात असेल तर तो असून नसल्यासारखा. डाव्या खिशात असला, तरी घाबरलेल्या, घामेजल्या अंगठ्यानं पातं उघडणं महाकठीण. म्हणून ओहायोतले पोलीस प्रशिक्षक जॉन बेनर यांनी नेमक्या याच प्रसंगासाठी वाकड्या मुठीचा छोटा, घडी नसलेला चाकू आखला. केबार कंपनी तो बनवते आणि तो डाव्या बाजूला कमरपट्ट्यात बसतो.

इथं धोरण लिहिणाऱ्यानं शब्दांची लपवाछपवी करता कामा नये. पट्टा कापणारा चाकू हे अवजार आहे, पण तोच माणसावर चालवला की ते प्राणघातक बळ. दोन्हींत मधलं काही नाही. ‘हातावर हलकासा वार’ असलं वाक्य मी एका मसुद्यात वाचलंय आणि ते खोडायला लावलंय. हाताच्या रोहिणीवर बसलेला वार हलका नसतो. गोळी झाडायची जी कसोटी तीच इथं: त्या क्षणी, त्या परिस्थितीत, समंजस पोलिसाला तेच योग्य वाटलं असतं का? अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९८९ च्याच ग्रॅहॅम निकालातली ही वाजवीपणाची कसोटी चाकूलाही लागू पडते. चाकू नुसता दाखवून धमकावणं, झडतीत आरोपीचे कपडे गरज नसताना कापणं, हे तर स्पष्ट शब्दांत बंदच करायला हवं. आणि असला चाकू वापरायचं प्रशिक्षण ज्यानं घेतलेलं नाही, त्याला तो कमरपट्ट्यात घालू देऊ नये. बोथट सरावाच्या चाकूनं, जमिनीवर पडून, डाव्या हातानं शिकवा. वर्गात फळ्यावर शिकवून हे येत नाही.

चाकूची नोंद हवी: बनावट, मॉडेल, फोटो. काही जणांना ही कटकट वाटते. पण घटनास्थळी चाकू सापडला आणि तो पोलिसानंच पेरला असा आरोप झाला, तर प्रामाणिक शिपायाला ही नोंदच वाचवते आणि अप्रामाणिकाला तीच पकडून देते. पात्यावर कवट्या आणि धमक्या कोरलेल्या नकोत. ॲरिझोनातल्या मेसा शहरात २०१६ मध्ये एका निःशस्त्र माणसाला पोलिसानं गोळ्या घातल्या, तेव्हा त्याच्या रायफलीवर शिवी कोरलेली निघाली. ज्युरीला ती दाखवली गेली नाही, तो अधिकारी निर्दोषही सुटला. पण लोकांच्या मनातून ती शिवी गेली का?

मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करतं ते मेरीलँड राज्यातलं बाल्टिमोर. १२ एप्रिल २०१५ ला फ्रेडी ग्रे नावाच्या पंचविशीतल्या मुलाला पोलिसांनी पकडलं. खिशाच्या आत क्लिपनं लावलेला चाकू सापडला आणि तो बेकायदा आहे असं नोंदवलं गेलं. पोलिसांच्या गाडीत त्याच्या मणक्याला इजा झाली आणि १९ एप्रिलला तो गेला. पुढे सरकारी वकिलांनी जाहीर केलं की मेरीलँडच्या कायद्यानं तो चाकू वैधच होता. चाकू खरंच वैध होता की नाही यावर तिथं वाद झाला. माझं म्हणणं एवढंच, की खिशाला क्लिप लावून चाकू बाळगणारे पोलीस त्या देशात गावोगाव आहेत. जे पातं आपल्या खिशात चालतं ते नागरिकाच्या खिशात गुन्हा का ठरतं, हे पोलिसाला शिकवलेलं असलं पाहिजे. आपल्याकडेही महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली मनाई आदेश निघतो आणि १३५ खाली कोयता घेऊन जाणारा पकडला जातो. त्यात शेतावरून परतणारा मजूर कोण आणि दहशत माजवणारा कोण, हे आदेशाच्या कागदावर नसतं. ते शिपायाला ओळखावं लागतं.

आणि गस्तीच्या प्रत्येक गाडीत पट्टा कापायचा हूक असू द्या. त्याचं पातं खाचेच्या आत असतं, त्वचेला लागत नाही. गळफासाच्या ठिकाणीही शरीराला आधी खालून आधार द्या, मग दोर कापा. आणि गाठीवर कापू नका, गाठ तशीच ठेवून वर कापा. जीव असेल तर वाचतो, नसेल तर ती गाठ तपासात बोलते. हे दोन ओळींत लिहिता येतं, पण किती ठाण्यांत लिहिलंय?

त्या दुपारी मी कोयता परत द्यायला गेलो. शहाळेवाल्यानं पातं उलटसुलट पाहिलं, बादलीतल्या पाण्यानं धुतलं आणि विचारलं, “साहेब, माणूस हाय ना?” मी हो म्हणालो. मग त्यानं दुसरं गिऱ्हाईक घेतलं.