बासेल: इंजिन नसलेली होडी आणि आपल्याकडचं कौल

आता ही होडी बघा. लाकडी आहे, दोन्ही कडांना बाक, अर्ध्या भागावर छप्पर, आणि आवाज काहीच नाही. म्हणजे पाण्याचा चुळूक चुळूक येतोय, पण इंजिनाचा नाही, कारण इंजिनच नाहीये. वल्हीपण नाहीत. वर मान करा, या काठापासून त्या काठापर्यंत एक तार ताणलीय, तारेवर कप्पी, कप्पीला दोर आणि दोराला ही होडी. नावाडी एक दांडा या बाजूचा त्या बाजूला टाकतो, सुकाणू जरा वळवतो, होडी प्रवाहाला तिरकी होते आणि मग ऱ्हाईन नदीच तिला ढकलत ढकलत पलीकडे नेऊन सोडते. परत यायचं तर दांडा उलटा. बस्स. १८५४ पासून इथे असल्या होड्या चालतात, आज चार आहेत, आणि भाडं साधारण दोन फ्रँक, स्वित्झर्लंडमध्ये एवढ्या पैशांत दुसरं काही मिळत असेल तर मला सांगा.

हे बासेल. आपले टूरवाले झुरिक, ल्युसर्न, टिटलिस, युंगफ्राऊ करतात आणि बासेलला फार तर ट्रेन बदलतात. चूक त्यांची नाही, इथे बर्फाचा डोंगर नाहीये ना. इथे नदी आहे. पश्चिमेकडे वाहत आलेली ऱ्हाईन या गावात जवळजवळ काटकोनात वळून उत्तरेला जाते. या वळणाच्या एका अंगाला उंचावर थोरलं बासेल, दुसऱ्या अंगाला सखल भागात धाकटं बासेल, आणि मधे तो जुना पूल, पहिला १२२६चा, आता दिसतोय तो १९०५चा.

वर लाल दगडाचं मोठं चर्च दिसतंय ते मुन्स्टर. १३५६च्या भूकंपात पडझड झाली, मग परत बांधलं. आत इरॅस्मस या सोळाव्या शतकातल्या मोठ्या विद्वानाची कबर आहे, माणूस शेवटपर्यंत कॅथलिक आणि पुरला प्रोटेस्टंटांच्या चर्चमध्ये. चर्चच्या मागच्या गच्चीवर मात्र निवांत बसा, होडीचा धक्का बरोबर त्याच्या खाली आहे. आणि एक गंमत, १७९८ पर्यंत या गावातली घड्याळं आजूबाजूच्या गावांपेक्षा एक तास पुढे असायची. का, तर प्रत्येक जण वेगळीच गोष्ट सांगतो.

हॉटेलात उतरलात की एक गेस्ट कार्ड मिळतं, त्यावर शहरातल्या ट्राम-बस फुकट. ते मागून घ्या, विसरू नका. जेवण महाग आहे, दुपारी सुपरमार्केटमधून ब्रेड-चीज घेऊन काठावरच्या पायऱ्यांवर बसायचं, बाटली रस्त्यावरच्या कारंज्यावर भरायची, अख्खं गाव तेच करतं.

आता मुख्य गोष्ट. उन्हाळ्यात बासेलची माणसं ऑफिस सुटलं की नदीत उडी मारतात. खरंच. कपडे, मोबाईल, चपला एका माशाच्या आकाराच्या रंगीत प्लास्टिक पिशवीत भरायच्या, तोंडाला सात घड्या घालायच्या, क्लिप लावायची, की आत हवा कोंडून पिशवी तरंगते, तिला धरायचं आणि प्रवाहाबरोबर वाहत जायचं. पोहायचं फक्त धाकट्या बासेलच्या काठाने, कारण मधून मोठी मालवाहू जहाजं जातात, आणि पुलाच्या खांबांपासून लांब राहायचं. टिंगेली म्युझियमपाशी पाण्यात उतरायचं आणि उशिरात उशिरा ड्रायरोझन पुलापाशी बाहेर यायचं. नीट पोहता येत नसेल तर काठावर बसून बघा, तेही मस्त असतं. मी पहिल्यांदा शहाणपणा करून चारच घड्या घातल्या, मोबाईल वाचला, पण टीशर्ट पिळून घालावा लागला आणि शेजारच्या आजी हसत हसत बोटांनी सात सात दाखवत होत्या.

ही तीच नदी, जी १ नोव्हेंबर १९८६ला लाल झाली होती. शहराच्या जरा वर श्वायझरहाल्लंला रसायनांच्या गोदामाला आग लागली, विझवायला मारलेलं पाणी सगळी विषं घेऊन ऱ्हाईनमध्ये गेलं, खाली किती तरी किलोमीटर मासे मेले. लोक चिडले, काठावरचे देश एकत्र बसले, आणि तेव्हा कुठे नदी साफ करायचं काम जोरात लागलं.

आजूबाजूला जायचं तर पासपोर्ट खिशात ठेवा. ८ नंबरची ट्राम जर्मनीतल्या वाइलला जाते, ३ नंबरची फ्रान्समधल्या सेंट-लुईला, म्हणजे ट्रामने परदेश. तिन्ही देशांच्या सीमा जिथे मिळतात ती जागा खरी नदीच्या मधोमध आहे, काठावरचा खांब नुसता फोटोसाठी. रोमन लोकांचं जुनं शहर आउगुस्टा राउरिका लोकलने थोड्या मिनिटांवर, तिथलं दगडी नाट्यगृह बघाच. फ्रान्सचं कोलमार पाऊण तासावर, पण सुट्टीच्या दिवशी मुंगीला शिरायला जागा नसते.

आणि मिसिऑन्सस्ट्रासं नावाच्या रस्त्यावर एक जुनी इमारत आहे, तिथे आपल्या माणसाने थांबायलाच हवं. बासेल मिशनचं घर. १८१५ साली सुरू झालेली ही ख्रिस्ती धर्मप्रचारकांची संस्था १८३४ला मंगळूरला पोचली, आणि १८६५ला त्यांनी तिथे नेत्रावतीच्या काठच्या मातीतून कौलं पाडायचा कारखाना काढला. तीच मंगलोरी कौलं. कोकणात, गोव्यात नळीची कौलं जाऊन घराघरावर चढली ती. पुढे दुसऱ्यांनीही कारखाने काढले, त्यामुळे सगळीच काही मिशनची नाहीत.

परत आल्यावर गावी पडवीमागे रचून ठेवलेली जुनी कौलं एक एक उलटी करून बघितली. पहिल्या दोनांवर दुसऱ्याच कारखान्यांचे ठसे. आई म्हणाली, विंचू असतील खाली, हात घालू नको. तिसरं शेवाळाने काळं झालेलं, नखाने खरवडलं, आणि इंग्रजीत अक्षरं निघाली, बासेल मिशन टाइल वर्क्स.