बाळाचे हात आधी बोलतात

ज्यांच्या घरी आठ-दहा महिन्यांचं बाळ आहे, त्यांनी जरा हात वर करा. छान. आता सांगा, बाळ बोलतं का? मागून कुणीतरी 'फार' म्हणालं! अगदी बरोबर, फार बोलतं. हवं त्याच्याकडे बोट दाखवतं, नको त्याकडून मान फिरवतं, उचलून घ्या म्हणून दोन्ही हात पसरतं. पहिला शब्द येतो साधारण वर्षाच्या आसपास; हे सगळं त्याच्या आधीच सुरू झालेलं असतं. एक शब्द उच्चारायचा तर जीभ, ओठ, स्वरयंत्र आणि श्वास यांचा मेळ क्षणार्धात बसावा लागतो. मुठीची उघडझाप त्यामानाने सोपी. त्यामुळे बाळाला कळतं पुष्कळ आणि तोंडाने सांगता मात्र येत नाही, असे काही महिने प्रत्येक घरात येतात.

आजचा विषय कर्णबधिर बाळांचा आहे, तो मी विसरलेले नाही. पण तिथवर जायला मला एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. माझ्या विद्यार्थ्यांनी ती अनेकदा ऐकली आहे, त्यांनी पुन्हा ऐकावी.

१९८०च्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. कॅलिफोर्नियातल्या मानसशास्त्राच्या प्राध्यापक लिंडा अ‍ॅक्रेडोलो यांची मुलगी तेव्हा जेमतेम वर्षाची. फूल दिसलं की ती त्याच्याकडे बोट दाखवायची आणि नाकाने हुंगल्यासारखं करायची. बागेतलं फूल असो, चित्रातलं असो की कापडावरचं. मग एक दिवस मत्स्यालयापाशी तिने तोंडाने फुंकर मारायला सुरुवात केली. आता माशाला फुंकर कशाला? आईला उलगडा झाला. पाळण्यावर माशांचं खेळणं टांगलेलं होतं आणि मुलीला झोपवताना आई फुंकर मारून ते हलवायची. मुलीच्या लेखी मासा म्हणजे फुंकर! कोळ्यासाठी ती दोन बोटं एकमेकांवर घासायची, कारण कोळ्याच्या बालगीतात तशीच बोटं फिरतात.

जरा थांबून बघा, त्या पोरीने काय केलं होतं. रोजच्या व्यवहारातली एक कृती उचलली, मूळ प्रसंगातून सोडवली आणि सगळ्या माशांसाठी वापरली. समोरचा मासा कधी न पाहिलेला, फुंकरीने न हलणारा, तरी नाव तेच. शब्द याहून वेगळं काय करतो? आणि हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. आईने फक्त ओळखलं. मला या गोष्टीत त्या मुलीइतकंच त्या ओळखण्याचं मोल वाटतं. दुसऱ्या एखाद्या घरी 'बघा कशी फू करते' म्हणून सगळे हसले असते आणि विषय संपला असता.

अ‍ॅक्रेडोलो आणि त्यांच्या सहकारी सुझन गुडविन यांनी मग इतर घरांतली बाळं पाहिली. अशा खुणा पुष्कळ बाळं आपणहून करतात, हे त्यांना आढळलं. इथपर्यंत सगळं सुंदर आहे. पुढे पुस्तकं आली, वर्ग आले, खुणांचे तक्ते आले. खुणा शिकलेल्या मुलांचा बुद्ध्यंक आठव्या वर्षी १२ गुणांनी जास्त निघाला, असा दावा या दोघींनीच २००० साली एका परिषदेत मांडला. तज्ज्ञांच्या तपासणीतून जाऊन तो निबंध म्हणून कधी छापला गेला नाही, पण जाहिरातींत मात्र वर्षानुवर्षं छापला गेला. याचा मला राग आहे, आणि तो आज मी लपवणार नाही. बाळ आईला काहीतरी सांगतंय, एवढं पुरेसं नाही का? त्यालाही गुण लावायचे? माझ्याकडे आई-वडील येतात आणि विचारतात, किती खुणा यायला हव्यात, शेजारच्या बाळाला वीस येतात. बाळ त्या वेळी त्यांच्याच मांडीवर बसून दिव्याकडे बोट दाखवत असतं आणि दोघांपैकी कुणाचंही तिकडे लक्ष नसतं.

२०१३ साली इंग्लंडमधल्या एलिझाबेथ कर्क आणि सहकाऱ्यांनी ४० बाळांचा आठव्या महिन्यापासून विसाव्या महिन्यापर्यंत अभ्यास केला. काही आयांना खुणा शिकवल्या, काहींना शब्दांवर भर द्यायला सांगितलं, काहींना काहीच नाही. बाळं खुणा शिकली, पण भाषेची वाढ सगळ्या गटांत सारखीच झाली. खुणांमुळे बोलणं लवकर आलं नाही. आणि हे नीट ऐका, उशिराही आलं नाही. फरक पडला तो आयांमध्ये. खुणा करणाऱ्या आया बाळाच्या न बोललेल्या इशाऱ्यांना जास्त प्रतिसाद देऊ लागल्या.

म्हणून मी म्हणते, खुणा जरूर करा, पण बाळाकडे बघायची सवय लागावी म्हणून करा. दोन-तीन पुरतात. अमेरिकन सांकेतिक भाषेत, म्हणजे तिथल्या कर्णबधिरांच्या खुणांच्या भाषेत, दुधासाठी मूठ उघडमीट करतात, 'आणखी'साठी दोन्ही हातांची बोटं जुळवून टोकाला टोक लावतात. दूध देताना तोंडाने 'दूध' म्हणा आणि खूणही करा. बाळाचा हात धरून वळवू नका. ते खूण अर्धवट करेल, स्वतःची काढेल, ती घ्या. आणि बोट दाखवलं की त्या वस्तूचं नाव घ्या. २००५ साली जाना आयव्हर्सन आणि सुझन गोल्डिन-मेडो यांनी दाखवून दिलं, की बाळ ज्याच्याकडे आधी बोट दाखवतं, त्याचं नाव सरासरी तीनेक महिन्यांनी त्याच्या तोंडी येतं.

आयोजक घड्याळ दाखवत आहेत. म्हणजे ज्यासाठी आले होते ते आता भराभर सांगावं लागणार.

ऐकू येणाऱ्या बाळाला खुणा नाही आल्या तरी त्याची भाषा अडत नाही, ती कानांवाटे येतच असते. ज्याला ऐकू येत नाही त्याचं काय? त्याच्याच आई-वडिलांना सांगितलं जातं, हात वापरू नका, मूल बोलायचा आळस करेल. अशी एक आई मला भेटली होती. बाळाने हातवारे केले की ती तोंड फिरवायची, कारण तिला तसं सांगण्यात आलं होतं. या सल्ल्याचं मूळ जुनं आहे. १८८० साली मिलानच्या परिषदेत शिक्षकांनी ठराव करून कर्णबधिरांच्या शाळांतून खुणांची भाषा हद्दपार केली. त्याबद्दल खेद व्यक्त व्हायला २०१० साल उजाडलं.

दरम्यान पुरावे साचत होते. १९६० साली विल्यम स्टोकी यांनी दाखवलं, की अमेरिकन सांकेतिक भाषेला स्वतःची रीतसर रचना आहे. १९९१ साली लॉरा-अ‍ॅन पेटिटो आणि पॉला मारेंटेट यांनी कर्णबधिर आई-वडिलांच्या कर्णबधिर बाळांमध्ये हातांची बडबड टिपली. जशी तोंडाने 'बाबाबा' होते, तशी बोटांची. म्हणजे भाषा समोर असेल तर बाळ ती घेतं, मग ती कानाने येवो की डोळ्यांनी.

लोक म्हणतात, पण आई-वडिलांनाच खुणांची भाषा येत नाही. खरं आहे. अमेरिकेतली पाहणी सांगते, की ९० टक्क्यांहून अधिक कर्णबधिर मुलांचे पालक ऐकू येणारे असतात. त्याचंही उत्तर आहे. २०२१ साली नाओमी कॅसेली आणि सहकाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्या ऐकू येणाऱ्या पालकांनी मूल सहा महिन्यांचं होण्याआधी सांकेतिक भाषेशी त्याची गाठ घालून दिली, त्यांच्या मुलांचा त्या भाषेतला शब्दसंग्रह वयाला साजेसा वाढला. पालक स्वतः शिकाऊच होते, अडखळत खुणा करत होते.

श्रवणयंत्र बसवा, शस्त्रक्रियेने कानात बसवायचं इम्प्लांट करा, माझा कशालाच विरोध नाही. पण तपासण्या, तारखा, शस्त्रक्रिया आणि त्यानंतरचा सराव यांत महिने जातात, आणि इतकं करून प्रत्येक मुलाला सारखं ऐकू येईलच असं नाही. तेवढा काळ बाळाला भाषेवाचून ठेवायचं कारण काय? निदान झालं त्याच आठवड्यात खुणांची भाषा येणारी कर्णबधिर व्यक्ती शोधा, तिला घरी बोलवा, बाळाला तिच्यासमोर बसवा आणि तुम्हीही शेजारी बसा.